जे. पी. नाईक : खेड्यातील मुलाचा प्रश्न घेऊन चाललेले शिक्षणतज्ज्ञ

जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या लहान गावी झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ मध्ये त्यांनी कारावास पत्करला. सुटकेनंतर ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या कन्नडभाषक खेड्यात जाऊन राहिले आणि शिक्षण, आरोग्य व ग्रामसुधारणेच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. गावाच्या जीवनापासून तोडून शाळेचा विचार करता येत नाही, ही त्यांची धारणा याच काळातील अनुभवावर उभी होती.

१९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४८ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनची स्थापना केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

१९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, जपान व सोव्हिएत संघ येथील तज्ज्ञ त्यात सहभागी होते. १९६६ च्या अहवालाने परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळा आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च यांचा आग्रह धरला. या अहवालाच्या जडणघडणीत नाईकांचे परिश्रम फार मोठे होते.

समता, गुणवत्ता आणि विस्तार ही तिन्ही उद्दिष्टे एकत्र साधणे किती दुष्कर आहे, हे त्यांनी १९७५ च्या ग्रंथात दाखवून दिले. समान शाळा कागदावरच राहिली होती. त्या अपयशाची चिकित्सा करताना त्यांनी स्वतः सचिव असलेल्या आयोगालाही वगळले नाही. अखेरच्या वर्षांत दिवसा राबणाऱ्या, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. पत्नी डॉ. चित्रा नाईक यांची त्यांना या कार्यात समर्थ साथ होती.

३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणचिंतकांच्या चरित्रमालेत गांधीजी व रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासमवेत त्यांचा समावेश केला. शाळेत न पोहोचलेल्या मुलाचा त्यांनी आयुष्यभर वागवलेला प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक शाळेने आपल्या परिसरापुरते तरी त्याचे उत्तर शोधावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.