आल्डो लिओपोल्ड : लांडग्याची बाजू घेणारा शिकारी

अमेरिकेतील आयोवा राज्यात बर्लिंग्टन येथे ११ जानेवारी १८८७ रोजी आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म झाला. वडिलांना शिकारीचा नाद. त्यांच्याबरोबर हिंडता हिंडता मुलाला रानाचे वेड लागले. येल विद्यापीठातून १९०९ मध्ये वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते सरकारी वनखात्यात शिरले. नेमणूक झाली ॲरिझोनात.

लांडगे संपले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, हे तेव्हाचे सर्वमान्य गणित होते. तरुण लिओपोल्ड यांनीही लांडगे मारले. आमच्या घरी शेळ्या आहेत, त्यामुळे तिथल्या पशुपालकांचा लांडग्यावरचा राग मला परका वाटत नाही. एका रात्रीत चार शेळ्या गेल्या की वर्षाची कमाई जाते.

पण गणित चुकले. ॲरिझोनातील कायबाब पठारावर १९०६ पासून हरणांच्या शिकारीस बंदी झाली आणि सरकारी शिकाऱ्यांनी लांडगे व पुमा टिपले. हरणे बेसुमार वाढली. कोवळी रोपे, झुडपे, तोंड पोचेल तेवढा पाला त्यांनी फस्त केला आणि १९२४-२५ च्या सुमारास हिवाळ्यात ती भुकेने मेली. गुरामेंढ्यांची चराई घटल्यानेही हरणे वाढली असावीत, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. पुढे मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात लिओपोल्ड यांनी उलट चित्र पाहिले. तिथे लांडगे होते, हरणेही होती, आणि डोंगर हिरवा होता. लांडगा हरणाला आवरतो, म्हणून रोपटे जगते. रोपटे जगते म्हणून माती टिकते, ही साखळी त्यांना उमगली.

१९३३ पासून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. त्या राज्यातही हरणे फार झाली होती. १९४३ मध्ये राज्याच्या संरक्षण आयोगावर येऊन त्यांनी हरणे कमी करण्याचा आग्रह धरला, तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले. ते डगमगले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी आपण मारलेल्या लांडगीविषयी लिहिले आणि जुने मत चुकीचे होते हे मान्य केले.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे गाजलेले पुस्तक १९४९ मध्ये निघाले. १९९८ मध्ये ॲरिझोनाच्या रानात लांडगे पुन्हा सोडण्यात आले.

विद्वत्ता पुष्कळांजवळ असते. आपलेच मत भर सभेत खोडून काढण्याचे धैर्य मात्र विरळा. मला लिओपोल्ड थोर वाटतात ते त्यासाठी.