कागद न मागणारी नर्स : लिलियन वॉल्ड

१० मार्च ही तारीख आपल्याला सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनामुळे पाठ आहे. १८९७ साली प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच आजाराने गेल्या. बरोबर तीस वर्षे आधी, १० मार्च १८६७ रोजी, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात लिलियन वॉल्ड यांचा जन्म झाला. तारीख जुळली हा योगायोग. पण परका, घाणेरडा, रोग घेऊन येणारा असा शिक्का ज्यांच्यावर मारला जातो त्यांच्या बाजूने एक नर्स किती दूरपर्यंत जाऊ शकते, हे या बाईंच्या आयुष्यात दिसते. म्हणून त्या आपल्या तरुण साथींना माहीत असाव्यात असे आम्हाला वाटते.

वॉल्ड जर्मन ज्यू कुटुंबातल्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या. बालपण रॉचेस्टरला गेले. १८९१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केले आणि पुढे डॉक्टर व्हायचे म्हणून महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. त्या काळी रशिया, पोलंड, इटलीतून रोज माणसे बोटीतून उतरत होती आणि लोअर ईस्ट साइड या भागातल्या चाळवजा इमारतींत कोंबली जात होती. १८९१ च्या कायद्याने संसर्गजन्य आजार असलेल्यांना देशात प्रवेश नाकारला होता. १८९२ मध्ये मसिलिया नावाच्या जहाजातून आलेल्या रशियन ज्यूंमध्ये टायफस सापडला, तेव्हा त्यांना खोल्यांतून उचलून एका बेटावर नेऊन ठेवले गेले. लगेच मागणी सुरू झाली की स्थलांतरच बंद करा. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेशात गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले गेले, ते आठवा. रोगाची भीती माणसाच्या भीतीत बदलायला फारसा वेळ लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शहरात स्थिरावलेले जुने जर्मन ज्यू नव्याने आलेल्या गरीब रशियन ज्यूंपासून बरेच अंतर राखून असत. धर्म एकच, पण ओळख दाखवायची लाज. वस्तीतून बाहेर पडून फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्यातल्या काही मंडळींनी हे वाचून थोडा विचार करावा.

वॉल्ड यांनी ते अंतर १८९३ मध्ये ओलांडले. त्या लोअर ईस्ट साइडच्या बायकांना घरगुती शुश्रूषेचा वर्ग शिकवत होत्या. एके दिवशी एक लहान मुलगी तिथे आली. तिची आई बाळंत झाली होती आणि अंगावरून रक्त जाणे थांबत नव्हते. फी मिळाली नाही म्हणून डॉक्टर निघून गेला होता. मुलीच्या मागोमाग गल्ल्या आणि जिने पार करून वॉल्ड त्या घरी पोचल्या. दोन खोल्यांत सात माणसांचे कुटुंब, शिवाय भाडेकरू. त्यांनी त्या बाईला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली धुतली. त्यानंतर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय सोडले.

मेरी ब्रूस्टर या दुसऱ्या नर्सबरोबर त्या त्याच भागात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. आमच्या मते यातच सगळे आहे. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारी सेवा वेगळी, आणि त्याच जिन्यावर राहणारी शेजारीण वेगळी. तोवर घरोघरी जाणाऱ्या नर्सेस बहुधा एखाद्या धार्मिक मिशनच्या किंवा डॉक्टरांच्या हाताखाली असत. वॉल्ड यांनी हे बंधन काढले. कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, डॉक्टरची चिठ्ठी नसताना नर्सला थेट बोलवू शकत होता. ऐपत असेल त्याने थोडे सेंट द्यावेत, नसेल त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. १८९५ मध्ये जेकब शिफ या बँकमालकाच्या पैशातून २६५, हेन्री स्ट्रीट हे घर मिळाले. १९१३ पर्यंत ९२ नर्सेस झाल्या होत्या आणि वर्षाला सुमारे दोन लाख गृहभेटी होत होत्या.

त्यांच्या कामातला शाळांचा प्रसंग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर येऊन मुले तपासत. खुपऱ्या, खरूज, नायटा, डोक्यात उवा असे काही दिसले की मुलाला घरी पाठवत. उपचाराचे मात्र कुणीच बघत नसे. स्थलांतरितांच्या घरी चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचता येत नसे, आणि हाकललेले मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत असे. म्हणजे शाळा बुडाली, रोग जागेवरच राहिला. १९०२ मध्ये वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या आपल्या नर्सला एका महिन्यासाठी चार शाळांत पाठवले. ती शाळेतच औषध लावी, घरी जाऊन आईला समजावून सांगे. शहराने ही पद्धत उचलून धरली. वर्षभरात घरी पाठवलेल्या मुलांची महिन्याची संख्या दहा हजारांवरून अकराशेच्या आसपास आली. माणूस बाहेर काढल्याने रोग बाहेर जात नाही, हे भाषणाने नव्हे तर आकड्याने सिद्ध झाले.

पुढचे पाऊल सरकारच्या दारात पडले. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरांनी स्थलांतरितांच्या स्थितीवर आयोग नेमला, त्यात वॉल्ड होत्या. बांधकामावरच्या मजुरांच्या छावण्या, दलालांची लूट हे त्यांनी पाहिले आणि मांडले. १९१० मध्ये स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी राज्याने स्वतंत्र विभाग काढला.

१९०९ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जी परिषद भरली आणि जिच्यातून पुढे एनएएसीपी ही संघटना उभी राहिली, तिच्या पाहुण्यांना जेवण द्यायचे कुठे हा प्रश्न होता. काळे आणि गोरे एकत्र बसतील अशा जागा शहरात फार थोड्या. वॉल्ड यांनी हेन्री स्ट्रीटचे घर उघडले. सहभोजनाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या परिषदेच्या आवाहनावर वॉल्ड यांच्याबरोबर जॉन ड्यूई यांचीही सही होती, आणि चारच वर्षांनी १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा हेच ड्यूई त्यांचे शिक्षक झाले.

वॉल्ड यांची पूजा बांधायचे कारण नाही. १९०६ मध्ये एलिझाबेथ टायलर ही काळी नर्स त्यांनी कामावर घेतली हे त्या काळात मोठे होते, पण काळ्या वस्तीसाठी शाखा वेगळीच राहिली. पैसा धनिकांचा होता आणि त्याची किंमत पहिल्या महायुद्धात कळली. त्यांनी युद्धाला विरोध केला, तेव्हा काही देणगीदारांनी हात आखडता घेतला.

१९१७ च्या कायद्याने साक्षरतेची अट आली आणि भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी झाली. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडून तेव्हा वर्षही झाले नव्हते. १९२४ मध्ये कोटा ठरवून पूर्व आणि दक्षिण युरोपातल्या लोकांची वाट अरुंद केली गेली. वॉल्ड अशा बंदीच्या विरोधात राहिल्या. दरम्यान १९१८ च्या फ्लूच्या साथीत शहरातल्या नर्सेसचे काम त्यांनी जुळवले, आणि १९१९ च्या जानेवारीत सिनेटच्या समितीपुढे संशयितांची यादी आली तिच्यात त्यांचेच नाव होते. काही महिन्यांपूर्वी जिने शहर सांभाळले ती आता देशाला धोका!

१ सप्टेंबर १९४० रोजी त्या गेल्या. चोपन्न वर्षांनी, नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात प्रस्ताव १८७ मतदानाने मंजूर झाला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना शाळा आणि तातडीचे सोडून इतर सरकारी उपचार बंद, वर दवाखान्याने त्यांची खबर सरकारला द्यायची. डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या संघटना याच्या विरोधात उतरल्या. खबऱ्या झालेल्या दवाखान्यात क्षयाचा रोगी येणार नाही, गरोदर बाई येणार नाही, लस घ्यायला मूल येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने मुख्य कलमे लगेच रोखली आणि १९९९ मध्ये तो प्रस्ताव संपला.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे बाहेरगावच्या बांधकाम मजुरांच्या बायका आधार कार्ड मागतील म्हणून दवाखान्याच्या रांगेतून परत फिरताना आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना कुणी हाकलले नव्हते. विचारतील, एवढी भीती पुरली. आम्ही आता शक्य तेव्हा त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहतो.

हेन्री स्ट्रीटचे ते घर अजून चालू आहे. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची सेवा १९४४ मध्ये त्याच्यापासून वेगळी झाली. तीही न्यूयॉर्कमध्ये काम करते आहे.