घर्षण गाते तेव्हा

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ १९९२ साली सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र मुलांच्या फार आवडीचे. पण ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, ते सर चंद्रशेखर वेंकट रमण एके काळी याच शहरात सरकारी नोकरी करीत होते, हे किती जणांना ठाऊक असते? मला तर नोबेलविजेत्या रमण यांच्यापेक्षा हिशेबाच्या वह्यांत बसलेले हे तरुण रमण अधिक जवळचे वाटतात.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा जन्म झाला. वडील कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत, शिवाय व्हायोलिनही वाजवीत. १९०७ साली रमण अर्थखात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्यास बड्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी लग्न झाले. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. सुखाचा पगार, सुरांचे घर. आणखी काय हवे? पण रमण यांना चैन पडेना. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बहूबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. १९०९ साली रंगूनला बदली झाली, पुढे नागपूरला. प्रयोगशाळा मागे राहिली, तरी त्यांनी राहत्या घरातच प्रयोग चालू ठेवले. १९११ साली ते कलकत्त्यास परतले.

या काळात ते कशाचा अभ्यास करीत होते? चक्क तारेचा! १९०९ साली त्यांनी एकतारीवर लेख लिहिला. भजनात आपण ऐकतो तीच एकतारी. तार छेडली की एकदा या बाजूला जाते, एकदा त्या बाजूला. आणि अशा प्रत्येक फेरीत तिचा ताण दोनदा वाढतो. गाणाऱ्याला हे कळण्याची गरज नसते, रमण यांना मात्र ते कळून घ्यायचे होते.

मग त्यांनी व्हायोलिन हाती घेतले. गज फिरू लागला की तार आधी त्याच्या केसांना चिकटून ओढली जाते. ताण वाढत जातो, शेवटी घर्षणाची पकड अपुरी पडते. तार निसटते, मागे झेपावते आणि पुन्हा पकडली जाते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडते, तेव्हा आपल्याला सूर ऐकू येतो. गजाला राळ लावतात ती ही पकड वाढावी म्हणून. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तारेची ही चाल आधी ओळखली होती; रमण यांनी १९१८ साली तिचे सविस्तर गणित मांडले. पुढे त्यांनी असे यंत्र केले की त्यात गज स्थिर आणि व्हायोलिनच मागेपुढे सरके!

आपल्या घरातली दाराची बिजागरी करकरते, शाळेत फळ्यावर खडू किंचाळतो, त्यामागेही हेच पकडणे आणि निसटणे असते. तेलाचे दोन थेंब सोडले की घर्षण घटते आणि दार मुके होते. एरवी ज्या घर्षणाला आपण वैरी समजतो, तेच सारंगीला गळा देते.

एकमेकांवर आदळणाऱ्या गोळ्यांकडेही रमण यांचे लक्ष गेले. टक्कर जितकी हळुवार, तितका टकरीत वाया जाणारा वेगाचा वाटा कमी, असे त्यांना छायाचित्रांच्या साहाय्याने दिसले. अंगणात गोट्या खेळणाऱ्या पोरांना हे करून पाहता येईल.

१९१७ साली रमण यांनी मानाची नोकरी सोडली आणि बरेच कमी वेतन पत्करून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाविषयीचा प्रसिद्ध शोध लागला, १९३० साली नोबेल मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.

मुलाला चांगली नोकरी लागली की आपण आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि त्यात गैर काहीच नाही. रमण यांनीही दहा वर्षे नोकरी चोख केली. फक्त तिच्यापायी त्यांनी आपले कुतूहल मिटू दिले नाही. तेव्हा बिजागरीला तेल घालण्याआधी ती का करकरते, हे एकदा मुलांना विचारून पाहा.