हॅरल्ड रसेल

हॅरल्ड रसेल (जन्म : १४ जानेवारी १९१४, नोव्हा स्कोशिया, कॅनडा, मृत्यू : २९ जानेवारी २००२, नीडम, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन सैनिक, चित्रपट-अभिनेते आणि अपंगांच्या रोजगारासाठी झटणारे कार्यकर्ते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका अपघातात त्यांचे दोन्ही हात गेले. विल्यम वायलर दिग्दर्शित ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६) या चित्रपटात त्यांनी दोन्ही हात गमावलेल्या खलाशाची भूमिका केली. या एकाच भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर पुरस्कार मिळाले. एका भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळवणारे ते एकमेव अभिनेते आहेत. अपंग व्यक्तीची भूमिका अपंग कलावंतानेच करावी की नाही, ही चर्चा आज चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात सुरू असताना रसेल यांचे नाव वारंवार घेतले जाते. मात्र एवढा गौरव होऊनही पुढची ३० हून अधिक वर्षे चित्रपटसृष्टीला त्यांच्यासाठी दुसरी भूमिका सापडली नाही, ही बाब त्या मानाने कमी सांगितली जाते.

प्रारंभिक जीवन व सैन्यसेवा

रसेल लहान असताना १९१९ मध्ये त्यांच्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर १९२१ मध्ये कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या शहरात येऊन राहिले. शिक्षण संपल्यावर रसेल खाद्यपदार्थांच्या एका दुकानात नोकरीला लागले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि लगोलग ते सैन्यात दाखल झाले. तेथे त्यांनी हवाई छत्रीने उडी घेण्याचे आणि स्फोटके हाताळण्याचे प्रशिक्षण घेतले. पुढे १३व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील सैनिकांना स्फोटकांचे शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले.

अपघात ६ जून १९४४ रोजी झाला. मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तो हाच दिवस. रसेल मात्र युद्धभूमीपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅम्प मॅकॉल या तळावर होते. तेथे सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी एका चित्रफितीचे काम चालू होते. वातीतील दोषामुळे त्यांच्या हातातील टीएनटी या स्फोटकाचा अवेळी स्फोट झाला आणि दोन्ही हात गेले.

वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. प्लास्टिकचे हात किंवा पोलादी आकडे, असे दोन पर्याय त्यांच्यासमोर होते. प्लास्टिकचे हात दिसायला खऱ्या हातांसारखे, पण कामाला जवळजवळ निरुपयोगी होते. रसेल यांनी आकडे निवडले. या आकड्यांना जोडलेली तार खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांना बांधलेली असे. खांदा विशिष्ट तऱ्हेने हलवला की आकड्याची दोन टोके उघडत आणि रबराच्या ताणाने पुन्हा मिटत. हे तंत्र त्यांनी इतके आत्मसात केले की लिहिणे, जेवणे, सिगारेट पेटवणे ही कामे ते सहज करू लागले. हॉटेलातील बिल सोडून आपल्याला काहीही उचलता येते, असा विनोद ते पुढे आपल्या व्याख्यानांतून करीत.

चित्रपटातील प्रवेश

हात गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनावर अमेरिकन लष्कराने ‘डायरी ऑफ अ सार्जंट’ (१९४५) हा माहितीपट काढला. त्यात रसेल मध्यवर्ती होते. त्या सुमारास ते बॉस्टन विद्यापीठात शिकत होते. हा माहितीपट दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या पाहण्यात आला.

निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांना युद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांवर चित्रपट काढायचा होता. त्यासाठी त्यांनी मॅकिन्ले कॅन्टर यांच्याकडून कथा लिहून घेतली होती. कॅन्टर यांनी ‘ग्लोरी फॉर मी’ ही मुक्तछंदातील कादंबरी दिली आणि रॉबर्ट शेरवुड यांनी तिच्यावरून पटकथा केली. कादंबरीतील होमर या तरुण खलाशाच्या मेंदूला इजा झालेली आहे. त्याचे हातपाय आणि वाचा त्याच्या ताब्यात नाहीत. कसलेल्या नटाने हे सारे अभिनयाने दाखवायचे, हा त्या काळचा रूढ मार्ग होता आणि आजही तो पुष्कळदा अवलंबिला जातो. असे झटके आणि असा तोल गेलेला देह निरोगी नटाने वठवला तर तो प्रेक्षकांना खोटा वाटेल, अशी शंका वायलर यांना आली. रसेल यांना पाहिल्यावर त्यांनी पात्रच बदलून टाकले. होमरचे अपंगत्व रसेल यांच्यासारखे झाले. नटाला भूमिकेच्या साच्यात बसवण्याऐवजी भूमिका नटाच्या देहाप्रमाणे घडवली गेली. या चित्रपटाचे वेगळेपण प्रामुख्याने याच निर्णयात आहे.

वायलर स्वतः युद्धात हवाई दलासाठी माहितीपट काढत होते आणि विमानातील चित्रीकरणादरम्यान त्यांच्या श्रवणशक्तीवर कायमचा आघात झाला होता. एका कानाने त्यांना अजिबात ऐकू येत नसे. परतलेल्या सैनिकाचे अवघडलेपण त्यांना ऐकीव माहितीवरून समजून घ्यावे लागले नाही.

गोल्डविन यांनी रसेल यांना अभिनयाचे धडे देण्याची व्यवस्था केली होती. हे कळताच वायलर यांनी ती थांबवली. रसेल यांचे न घडवलेले वागणेबोलणेच त्यांना हवे होते.

होमर पॅरिशची भूमिका

फ्रेड्रिक मार्च आणि डेना अँड्र्यूज यांनी साकारलेले दोन सैनिक आणि होमर असे तिघे एकाच लष्करी विमानातून बून सिटी या काल्पनिक गावी परततात. विमानात होमर सोबत्यांच्या सिगारेटी पेटवून देतो. तेथे तो मोकळा आहे. घराच्या दारात मात्र चित्र पालटते. त्याच्या हातांच्या जागी आकडे पाहून आईचा हुंदका फुटतो. प्रेयसी विल्मा (कॅथी ओ’डोनेल) त्याला मिठी मारते, तेव्हा त्याचे हात बाजूला तसेच लोंबत राहतात. आकडे चालवायला तो शिकला आहे. आपल्याकडे बघणाऱ्या माणसांना कसे सामोरे जावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती शयनगृहातील प्रसंगाची. आपल्याशी लग्न म्हणजे काय, हे विल्माला नीट कळावे म्हणून होमर तिला आपल्या खोलीत नेतो. खांद्यांची हालचाल करून तो पट्टे आणि आकडे उतरवतो आणि कसाबसा झोपायच्या सदऱ्यात शिरतो. दार बंद झाले तर ते आपल्याला उघडता येणार नाही, इतके आपण आता परावलंबी आहोत, असे तो तिला समजावतो. ती शांतपणे त्याच्या सदऱ्याची बटणे लावते आणि त्याला पांघरूण घालते. प्रसंगात आक्रोश नाही. रसेल यांचा आवाज सपाट, जवळजवळ व्यवहारी आहे. प्रशिक्षित नटाने येथे काही तरी अधिक करून दाखवले असते. रसेल रोज रात्री जे करीत तेच येथे करतात आणि ते पाहणे प्रेक्षकाला जड जाते.

दुसरा प्रसंग हॉटेलातील आहे. होमर आणि त्याचा काका बुच (संगीतकार होगी कारमायकल) पियानोवर एकत्र वाजवत बसले आहेत. दूर मागे, टेलिफोनच्या खोलीत, डेना अँड्र्यूज यांचे पात्र एक दुःखद फोन करीत आहे. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच चौकटीत स्पष्ट ठेवले आहे. कथेचे वजन मागच्या फोनवर आहे, पण डोळे पुढच्या पोलादी आकड्यांकडे जातात. या प्रसंगापुरते तरी होमरच्या अपंगत्वाबद्दल कोणी काही बोलत नाही. तो पियानो शिकलेला एक मुलगा आहे.

चित्रपटाची एक उणीव मात्र नोंदवायला हवी. उरलेल्या दोघांच्या नोकऱ्या, पगार आणि वरिष्ठांशी होणारे खटके तपशिलाने येतात. होमरच्या कामधंद्याचा प्रश्न विल्माच्या वडिलांच्या एका ओघातील प्रश्नापुरता उपस्थित होतो आणि मागे पडतो. त्याला लष्कराचे निवृत्तिवेतन आहे आणि विल्मा आहे. तेवढ्यावर कथा त्याला सोडते. अपंग पात्राच्या साऱ्या अडचणी एखाद्या प्रेमळ स्त्रीने सोडवायच्या, ही चित्रपटांची जुनी सवय येथेही सुटलेली नाही.

पुरस्कार

१९४७ च्या ऑस्कर सोहळ्यात सहायक अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी रसेल यांच्यासमोर क्लॉड रेन्स, क्लिफ्टन वेब, चार्ल्स कोबर्न आणि विल्यम डेमारेस्ट असे मुरलेले नट होते. नवख्या रसेल यांना तो मिळणार नाही, अशी अकादमीच्या संचालक मंडळाची अटकळ होती. म्हणून युद्धातून परतलेल्या सैनिकांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल त्यांना आधीच एक विशेष ऑस्कर जाहीर झाला. त्यानंतर मतदानातून सहायक अभिनेत्याचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. दोन पुरस्कारांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला अपंग सैनिकाच्या धैर्याला होता, दुसरा नटाच्या कामाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथेच्या पुरस्कारांसह चित्रपटाने एकूण सात स्पर्धात्मक ऑस्कर मिळवले. अभिनयाची पार्श्वभूमी नसताना ऑस्कर मिळवणाऱ्यांत रसेल यांच्यानंतर ‘द किलिंग फील्ड्स’मधील हैंग एस. न्गोर यांचे नाव येते.

चित्रपटात अपंग कलावंताने अपंगाची भूमिका करणे ही मात्र अगदीच नवी गोष्ट नव्हती. मन्ना डे यांचे काका, दृष्टिहीन गायक-नट के. सी. डे यांनी १९३० च्या दशकातच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटांत दृष्टिहीन गायकांच्या भूमिका केल्या होत्या. हॉलिवुडमध्ये पुढचे मोठे उदाहरण दिसायला ४० वर्षे जावी लागली. १९८७ मध्ये कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांना प्रमुख अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. रसेल यांच्याच गटात, म्हणजे सहायक अभिनेत्याच्या, कर्णबधिर नट ट्रॉय कोत्सुर यांना तो २०२२ मध्ये मिळाला.

चित्रपटानंतर

पुरस्कारानंतर वायलर यांनीच रसेल यांना महाविद्यालयात परत जाण्याचा सल्ला दिला. हात नसलेल्या माणसासाठी चित्रपटांत फारशा भूमिका निघणार नाहीत, असे त्यांचे मत होते. सल्ला प्रामाणिक होता आणि अंदाजही खरा ठरला. पण हात नसलेला माणूस केवळ हात गेल्याच्याच गोष्टीत शोभतो, शेजारी, दुकानदार किंवा वकील म्हणून पडद्यावर दिसू शकत नाही, हे त्यात गृहीतच धरले होते. रसेल यांनी १९४९ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून व्यवसायशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी ‘व्हिक्टरी इन माय हँड्स’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ‘द बेस्ट इयर्स ऑफ माय लाइफ’ हे दुसरे आत्मकथन १९८१ मध्ये आले.

माजी सैनिकांच्या ‘ॲमव्हेट्स’ या संघटनेचे राष्ट्रीय प्रमुखपद त्यांनी तीन वेळा भूषवले. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अपंगांच्या रोजगारासाठी असलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपवले. सरकारे बदलली, तरी १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते या पदावर होते. होमरच्या कथेत जो प्रश्न अर्ध्यावर सुटला होता, अपंग माणसाला काम कोण देणार हा, त्याच प्रश्नावर रसेल यांचे उरलेले कार्यजीवन खर्च झाले. अपंग कामगाराला दयेपोटी ठेवून न घेता त्याच्या कौशल्यासाठी घ्यावे, हा त्यांचा मालकवर्गाकडे आग्रह असे.

पडद्यावर ते ३४ वर्षांनी परतले. रिचर्ड डॉनर यांच्या ‘इनसाइड मूव्ह्ज’ (१९८०) मध्ये एका मद्यगृहात जमणाऱ्या अपंग मित्रांपैकी एकाची भूमिका त्यांनी केली. त्यानंतर ‘ट्रॅपर जॉन, एम.डी.’ आणि ‘चायना बीच’ या दूरचित्रवाणी मालिकांत ते थोडा वेळ दिसले. ‘डॉगटाउन’ (१९९७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट.

ऑस्करचा लिलाव

ऑगस्ट १९९२ मध्ये रसेल यांनी सहायक अभिनेत्याचा आपला ऑस्कर न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकला. त्याला ६०,५०० डॉलर मिळाले. पत्नीच्या औषधोपचारासाठी पैसे हवेत, असे कारण त्यांनी दिले होते. विक्री टळावी म्हणून अकादमीने २०,००० डॉलर बिनव्याजी देऊ केले. रसेल यांनी ते घेतले नाहीत. विजेत्याने पुतळा विकण्यापूर्वी तो अकादमीला नाममात्र किमतीत देऊ करावा, हे बंधन १९५० पासून आले असल्याने त्यांना ते लागू नव्हते. या विक्रीवर टीका झाली. पण टीका करणाऱ्या चित्रपटसृष्टीने या अभिनेत्याला उपजीविका होईल एवढे काम कधी दिले नव्हते, हेही विसरता येत नाही. विशेष ऑस्कर त्यांनी विकला नाही.

रसेल यांचे २९ जानेवारी २००२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील नीडम येथे वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. त्याच राज्यातील वेलँड येथे त्यांचे दफन करण्यात आले.