उंदरांच्या दुधातले कोडे

दूध म्हणजे ताकद, हे आम्हा कोल्हापूरकरांना शिकवावे लागत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून घ्यायची आणि फेसाळता पेला तोंडाला लावायचा, ही आमची रीत. त्याच दुधातून आजार कसा उतरतो, या प्रश्नाचा एका मराठी बाईंनी आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

माहेरच्या त्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शिकलेल्या या हुशार लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. लेकीने दोन्ही केले नाही. ती वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे वळली आणि १९३९ साली जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी विवाह करून मुंबईला गेली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. करताना तिने अभ्यासाला घेतले ते सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचे काम.

सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा रस्ता टाटा स्मारक रुग्णालयातून गेला. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू लाभले. १९४९ मध्ये कमलताईंनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकायला गेल्या. १९५१ साली 'हेला' या जगप्रसिद्ध पेशी वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पोषक द्रव घालून पेशी जिवंत ठेवायच्या, ही ती विद्या. परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

आता दुधाच्या कोड्याकडे येऊ. १९३६ साली अमेरिकेतल्या जॉन बिटनर यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंदरांच्या काही वाणांत माद्यांना स्तनांचा कर्करोग हटकून होई. अशा वाणाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर त्यांच्यातले कर्करोगाचे प्रमाण खूप घटले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी उतरत होते. ते 'काहीतरी' म्हणजे विषाणू, हे पुढे सिद्ध झाले. पण नुसता विषाणू पुरत नाही. आनुवंशिकता आणि स्त्रीशरीरातील संप्रेरके यांचीही साथ लागते. या तिघांचे एकमेकांशी असलेले नाते उंदरांवरील प्रयोगांतून उलगडणे, हे कमलताईंच्या संशोधनाचे मोठे अंग होते. महारोगाच्या जंतूंवरील त्यांचे काम त्यावरच्या लशीच्या प्रयत्नांना उपयोगी पडले, ते वेगळेच.

उंदरात जे घडते ते माणसात घडते का? १९७१ साली पारशी स्त्रियांच्या दुधात तशाच विषाणूसारखे कण दिसल्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. मुंबईच्या शास्त्रज्ञांचाही त्यात सहभाग होता. पण आईच्या दुधातून माणसाच्या लेकराला स्तनाचा कर्करोग होतो, याचा पुरावा त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मिळालेला नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. आमच्या थोरल्या जाऊबाईंना हा आजार झाला, तेव्हा त्यांची लेक नुकतीच बाळंत झाली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवूनच टाकले, की पोरीने बाळाला अंगावर पाजायचे नाही. पोर रडायची, बाळही रडायचे. मी जाऊबाईंच्या उशाशी बसून सगळ्यांना उंदरांची ही गोष्ट सांगितली, आणि माणसाची गोष्ट वेगळी का, हेही. अंगावर पाजल्याने उलट आईचाच धोका कमी होतो, हे डॉक्टरांनीही समजावले. त्या रात्री बाळ आईच्या कुशीत झोपले. अर्धवट विज्ञान घरात शिरले की भीती होते आणि पुरते समजले की आधार होतो, हे मी तेव्हा पाहिले.

विषाणू आणि कर्करोग यांचे नाते माणसात खोटे आहे, असे मात्र नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू असतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड झूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले आणि आज मुलींना त्यावरची लस देता येते.

कमलताईंनी १९७३ साली सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणासाठी राबल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे अजूनही घरोघरी डॉक्टरकीचा हट्ट धरला जातो. एखादी मुलगी मान हलवून सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवते, तेव्हा तिच्यावर रागावण्याआधी समर्थांच्या या लेकीची आठवण ठेवावी.