जॉन पोस्टेल : संगणकांचा दुभाष्या

एकाच घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तीन प्रणालींचे संगणक नांदताना दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. तिन्हींची अंतर्गत मांडणी निराळी असते. तरीही एकावरची फाइल दुसऱ्यावर सुखरूप पोहोचते. ही सोय ज्या नियमांवर उभी आहे, त्यांतील अनेक मूलभूत नियमांचे लेखन, संपादन आणि जतन जॉन पोस्टेल यांनी जवळजवळ तीस वर्षे केले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थी असतानाच ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चाने उभ्या राहणाऱ्या अर्पानेट या संगणकजाळ्याच्या कामाकडे ओढले गेले.

१९६९ मध्ये या जाळ्यात जोडलेले पहिले चारही संगणक वेगवेगळ्या जातींचे होते. इंग्रजी 'ए' हे अक्षर एका संकेतात ६५ या अंकाने, तर आयबीएमच्या संकेतात १९३ या अंकाने लिहिले जाई. प्रत्येक यंत्राने इतर प्रत्येकाची भाषा शिकायची म्हटले, तर दहा प्रकारच्या यंत्रांसाठी ९० भाषांतरे लागतील. मधली एक समाईक भाषा ठरवली, तर २० पुरतात. जाळ्याच्या जाणकारांनी हा दुसरा मार्ग निवडला.

फाइल पाठविण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा १९७१ मध्ये एमआयटीत असलेल्या अभय भूषण या कानपूर आयआयटीच्या पदवीधराने लिहिला. नव्या टीसीपी व्यवस्थेसाठी पोस्टेल यांनी १९८० मध्ये त्याची फेरमांडणी केली आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासह ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याला स्थिर रूप दिले. मजकुराची ओळ कोठे संपते, हे विंडोज दोन खुणांनी दाखवते, लिनक्स एका खुणेने, तर जुने मॅक आणखी निराळ्या खुणेने. पाठविणाऱ्याने आपली खूण समाईक खुणेत बदलावी आणि घेणाऱ्याने ती पुन्हा आपल्या पद्धतीची करावी, अशी ही योजना होती. छायाचित्रांसारख्या फाइलींना मात्र जराही धक्का न लावता त्या जशाच्या तशा न्यायच्या, अशी वेगळी तरतूद होती.

स्वतः पाठवताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याकडून घेताना सैल हात ठेवावा, हे सूत्रही पोस्टेल यांनीच १९८० मध्ये मांडले. या उदारपणामुळे दोष झाकले जातात, अशी टीका पुढे झाली. एफटीपीतून परवलीचा शब्दही उघडा प्रवास करतो. त्यामुळे प्रमुख ब्राउझरांनी २०२१ मध्ये त्याला रजा दिली. जाळे मूठभर परिचितांचे होते, तेव्हा आखलेल्या नियमांची ही मर्यादा होती. घरातील फाइलींची देवघेव आज बहुधा एसएमबीसारख्या दुसऱ्या नियमांनी होते. तरीही त्याखालचा टीसीपीचा रस्ता तोच आहे आणि एसएमबीचे ४४५ हे दारही पोस्टेल यांनी सुरू केलेल्या क्रमांकांच्या नोंदवहीतच नोंदलेले आहे.

ही नोंदवही ते वर्षानुवर्षे सांभाळत. त्यांचा अधिकार कायद्यापेक्षा सहकाऱ्यांच्या विश्वासावर टिकलेला होता. या विश्वासाची कसोटी जानेवारी १९९८ मध्ये लागली. इंटरनेटच्या नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या १२ चालकांपैकी आठ जणांना त्यांनी आपल्या संगणकाकडे वळण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. अमेरिकी सरकारने हरकत घेताच त्यांनी तो बदल मागे घेतला आणि ती केवळ चाचणी असल्याचे सांगितले. मात्र एका व्यक्तीच्या शब्दावर जगाचे जाळे किती अवलंबून आहे, हे त्यातून सर्वांना उमगले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या घडणीत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता. तिचा कारभार रुळलेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेख २०१६ मध्ये संपली. सगळी यंत्रे एकसारखी करण्याचा हट्ट पोस्टेल यांनी कधी धरला नाही. वेगळेपण राखूनही एकमेकांशी बोलता येते, हेच त्यांच्या नियमांनी दाखवून दिले.