सावित्रीमाईंचा दवाखाना आणि सरकारचा कायदा

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात झाला. १८४८ पासून त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकविले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. दत्तकपुत्र डॉ. यशवंतांना बोलावून माईंनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे आणले. याच सेवेत प्लेग होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले. सरकारने मात्र साथरोग कायदा केला, घरोघर गोरे सोजीर धाडले. भेदरलेले लोक रोगी लपवू लागले. २०२० मध्ये कोरोनात तोच कायदा पुन्हा लागू झाला. आम्ही विचारतो, वस्तीत दवाखाना नसेल तर सरकारच्या आरोग्यसूचनांवर आमच्या माणसांनी विश्वास ठेवावा कसा?